खंड्याची बाज

पौडच्या थांब्यावर कोळवणच्या एसटीची प्रतीक्षा करीत असता, काथ्याच्या दोरीचे वेटोळे घेऊन वारंवार उठबस करणाऱ्या कुशाबा व सारजाबाई या दांपत्याचा पुढील संवाद प्रस्तुत लेखकाच्या कानी पडला.

“कुत्र्यासाटी कुनी बाज विणतं व्हय?”

“वासराएवढं धूड हाय त्ये. पेंढा दोन दिसांत चपटा हुतुया, गोधडी फाडतुया. मागचं पाय गेल्यात, भुईवरनं उठवत न्हाई त्येला.”

“म्हनून दुकानदाराला सासरा आजारी म्हनालात? माजा बाप मरून किती वरसं झाली!”

“खंड्याचं नाव घेतलं असतं तर कुजकी दोरी दिली असती त्यानं.”

“आन् त्यो काय म्हनला, आयकलं न्हवं? म्हाताऱ्याला आता बाजंवरनं भुईवर घ्या.”

“जीव जाताना घेत्यात भुईवर. आपला खंड्या कवाधरनं भुईवरच हाय, सारजे. त्येला वर घ्यायचा हाय.”

सारजाबाई उठून रस्त्याकडे पाहू लागल्या.

“कवा यायची ही मेली एसटी? दिस हाय तवर विणून व्हईल का?”

“तू दोरी वढू लागलीस तर व्हईल.”

“आना हिकडं त्ये वेटोळं. तुमी एसटीतच इसरून उतराल.”