आईला हिसका बसू नये म्हणून

हॅलो? हां बोल गं, बबडे… निघालात दवाखान्यातून?

काय? गाडी हिसके देतेय?… थांब, इथे गॅरेजात ग्राइंडर चालू आहे… अरे, बंद करा रे जरा तो!… हां, बोल आता.

रडू नकोस आधी. आईची ऑपरेशनची पट्टी जागेवर आहे ना?… डोळा दुखत नाहीये?… मग झालं तर. गाडी कडेला घे… घेतलीस? गिअर 'पी'वर टाक, हँडब्रेक ओढ.

आता सांग, हिसका कधी बसतो?… निघतानाही आणि चालतानाही? अगं ऐक ना, डावा पाय ब्रेकवर नसतो ना तुझा?… चिडतेस काय! ऑटोमॅटिक चालवताना माझ्या निम्म्या गिऱ्हाइकांचा असतो.

समोर दिवा लागलाय कुठला?… नाही. जळका वास?… तोही नाही. हं.

आई काय म्हणतेय मागून?… स्पीकरवर टाक.

आई, बोल गं… हो… हो… इंजिन नुसतंच ओरडतं, गाडी पुढे सरकत नाही… आणि मग पाठीत गुद्दा घातल्यासारखं? चढावर जास्त?… अगं, पट्टी बांधून बसलीयेस तरी तुला हिच्यापेक्षा जास्त कळतंय! हसू नकोस, डोळ्याला ताण पडेल.

बबडे, इंजिन बंद कर आणि खाली वाकून बघ. पुढच्या चाकांच्या मध्ये काही ठिबकतंय?… बोट नको लावू, गरम असेल. कागदाने टीप… लालसर? बुळबुळीत?

सापडलं! गिअरबॉक्सचं तेल गळतंय. ते कमी झालं की गिअर आधी घसरतो, मग एकदम पकडतो. तोच तुमचा हिसका… नाही गं, तू नाही बिघडवलीस. पाईप सैल झाला असणार… खरंच. आईशपथ… हो आई, तुझीच घेतली!

छे छे, हळूहळूसुद्धा आणायची नाही. तिथेच थांबा, मी माझी गाडी घेऊन येते. ही नंतर टो करून आणू.

काय?… एवढं हळू का बोलतेयस? लांब गेलीस का गाडीपासून?… काय विचारलं आईने?… 'दिसेल ना गं परत' म्हणाली?… आणि तू?… तशीच गाडीतून उतरून आलीस?

बबडे, डॉक्टर काय म्हणाले?… हिसके नकोत, वजन उचलायचं नाही… आणि डोळ्याचं?… चांगलं झालंय, म्हणाले ना? मग हे मला काय सांगतेस! जा, तिच्याजवळ मागे बस. हात धर आणि अगदी असंच सांग तिला. मी आहे फोनवर…

…

सांगितलंस?… काय म्हणाली?… हात सोडत नाहीये तुझा? मग नको सोडवू.

मी एवढे हात धुते आणि निघते… काय म्हणतेय ती? नको धुवू?… आई, अगं कोपरापर्यंत काळे आहेत, तुझी साडी… बरं.

बरं गं आई. तशीच येते. ठेव.