काळ्या पट्ट्या

एक्स-रेच्या रांगेत बसलेल्या आजींच्या मागे दोघे जण येऊन टेकले. एकाच्या गळ्यात कॅमेरा, दुसऱ्याच्या हातात दवाखान्याची फाईल. आजींना कान टवकारायची गरजच पडली नाही; फाईलवाला चांगलाच तापला होता.

“ताईचं पदवीदान बघायला बाबांना इथे वॉर्डातल्या टीव्हीसमोर बसवलं होतं मी. आणि ताई दिसलीच नाही!”

“स्टेजवर होत्या हो. डावीकडून पहिल्या.”

“मग गेली कुठे?”

“रिझोल्यूशन जुळत नव्हतं, दादा. कॅमेऱ्याचं चित्र लांबट, आणि लाइव्हचं सेटिंग जुनंच राहिलेलं, चौकोनी. म्हणून वरखाली काळ्या पट्ट्या येत होत्या.”

“म्हणजे पट्ट्यांनी झाकली तिला?”

“नाही. पट्ट्या होत्या तोवर सगळे दिसत होते. मग तुमचा फोन आला.”

“माझा?”

“चित्र बारीक आहे, पडदा भरून दाखव म्हणालात. सेटिंग बदलायचं तर लाइव्ह थांबवावं लागलं असतं. मी चित्रच मोठं केलं. दोन्ही कडा कापल्या गेल्या.”

कॅमेरावाल्याने गळ्यातला कॅमेरा काढून पुढे केला.

“मूळ रेकॉर्डिंग घेऊन धावतच आलोय. त्यात ताई हात हलवतायत, बाबांसाठी. चला, दाखवू त्यांना.”

“तासाभरापूर्वी गेले ते.”

“अरे देवा.”

“सारखे विचारत होते, ‘ती अजून रुसलीय का रे माझ्यावर?’”

“तुम्ही काय सांगितलंत?”

“म्हटलं, असेल.”