कोळणीनं परत न दिलेलं कुलूप

हसू नका रे, पण कुलपाची खरी परीक्षा खाऱ्या मासळीच्या पेटीवरच होते! स्वातंत्र्याला चार-पाच वर्षं झाली असतील. विक्रोळीच्या आमच्या कारखान्यात मी नवं कुलूप तयार केलं होतं, पण आमचे मॅनेजर प्रधानसाहेब विलायती कुलपाचे भक्त. म्हणाले, "खाऱ्या हवेत तुमचं टिकेल कशावरून? दहा वर्षं वाट बघायची का?"

मी म्हटलं, "दहा वर्षांचा गंज दिवाळीपर्यंत चढवून दाखवतो!"

माझं एक नि विलायती एक, अशी दोन्ही कुलपं नेऊन खारदांड्याच्या हिराबाई कोळणीच्या खाऱ्या मासळीच्या दोन पेट्यांना लावली. घरचं कुलूप दिवसातून एक-दोनदा उघडतं. हिच्या पेटीचं मात्र दर गिऱ्हाइकाला उघडायचं, तेही मिठाच्या पाण्यानं निथळणाऱ्या हातानं.

दिवाळीच्या तोंडावर साहेब पांढरीशुभ्र पँट घालून स्वतः निकाल बघायला आले. विलायती कुलपात त्यांनीच किल्ली फिरवली. कट्! अर्धी किल्ली आतच राहिली.

हिराबाई कडाडली, "मेल्या, माझी मासली आत नि गिऱ्हाईक दारात!"

शेवटी साहेबांनीच गुडघे टेकून दगडानं ते कुलूप फोडलं. मग मी आमच्या कुलपाला किल्ली लावली. टक्कन उघडलं!

साहेब कसेबसे म्हणाले, "बाई, हे द्या. कारखान्यात नेऊन तपासायचंय."

तिनं कुलूप कमरेला खोचलं. "नाय देनार! तो फुटका घेऊन जा!"

मी अगदी साळसूदपणे विचारलं, "साहेब, अहवालात काय लिहू?"

साहेब पँटीवरची वाळू झटकत म्हणाले, "लिहा, गिऱ्हाईक कुलूप परत द्यायला तयार नाही."