टपावरचं ऊन

— न्हाय काका, त्या खुर्चीवर नका बसू, ती आईची हाय. म्हणजे... कुणी आलं-गेलं तर असावी म्हणून ठेवलीय. तुम्ही टेम्पोच्या पायरीवर बसा. काय म्हणालात? डीपी जळाला? व्हय, सगळ्या गावात लाईट न्हाय, मला माहीत हाय की! आणि आज तुमच्या कुलदीपसाठी मुलीकडचे घर बघायला येणार — आणि घरात पंखा फिरंना. म्हणून बांध ओलांडून आलात व्हय, वायरचं भेंडोळं काखेत मारून? पाणी घ्या. गार हाय, फ्रिजमधलं. ह्याच उन्हावर चालतो तो.

वर बघा जरा. टपावरच्या त्या मधल्या सोलर पॅनलची काच कशी जाळं विणल्यासारखी तडकलीय — बदलता आली असती, पण मुद्दाम ठेवलीय. दसऱ्याला तुमच्या ट्रॅक्टरशेजारी माझा टेम्पो पूजेला लावला, का लावला? आई म्हणाली म्हणून. आणि तुम्ही शिडी लावून वर चढलात अन् नारळ थेट त्या काचेवर हाणला! नारळ फोडायला चाकापुढं दगड होता की! 'मला वाटलं पत्रा हाय' — मग हसलात कशाला? अख्खी गल्ली हसली. खोबरं सगळ्यांनी खाल्लं, मी सोडून. वर घरातल्या माझ्या खोलीची वायर तोडलीत, म्हणालात — 'लग्नाला न्हाय म्हणती ना, मग तुझं ऊन हाय की तुला!' व्हय, हाय की. माझ्या वडलांच्या, अप्पांच्या वाट्याच्या रानात उभी हाय मी, टेम्पोतच घर करून, तुमच्या मीटरशिवाय. लॅपटॉप चालतो, दिवे लागतात, पंखा दोन्ही बर्थकडं फिरतो. दुसरा बर्थ? तो सामानाला हाय. मग त्यावर गादी कशाला — तुम्हाला काय करायचंय काका! आई येत न्हाय. बांधापर्यंत येती, भाकरीचं फडकं दगडावर ठेवती अन् तुमच्या घराकडं बघत माघारी वळती. तिला एवढं भ्या कुणी घातलं?

वीज पाहिजे ना? देते. दोन दिवे, एक पंखा, पाहुणे जाईपर्यंत. पाहुण्यांना सांगाल, ही कुणाच्या टेम्पोची वीज हाय ते? वायरचं भेंडोळं कशाला चाळवताय? बरं, नका सांगू. पण वायर तुमच्या हातात द्यायची न्हाय मी. आईला पाठवा. चोरून न्हाय, मधल्या गल्लीतनं, सगळ्यांच्या देखत — आणि येताना लुगड्यांची पिशवी घेऊन. ती इथं त्या खुर्चीवर बसली की वायर तुम्ही घेऊन जावा.

स्वयंपाक? पाहुण्यांचा स्वयंपाक कोण करणार? एवढ्यासाठी व्हय! मला वाटलं, म्हणाल की घर सुनं होईल. काकू हाय की. न्हायतर सोयऱ्यांना अंधारात बसवा, फरसाण खायला घाला.

बघताय काय? उठा. ऊन उतरायला लागलंय — आणि आईला हळू चालायची सवय हाय.