अक्काच्या फोटोशेजारचा कागद

बसा, सगळे बसा. मागे उभ्या आहात त्या बायांनो, पुढे या, सतरंजीवर जागा आहे. आणि दोंडाईच्याचे आबा दारात का उभे? आबा, तुम्ही अक्काचे सख्खे दीर. तुम्ही पुढे बसायचं. अरे, खुर्ची द्या कुणीतरी त्यांना.

मी कल्पना. पिंप्राळ्यात अक्काच्या भिंतीला भिंत लागून माझं घर. अशा सभेत लोक म्हणतात, काय बोलावं सुचत नाही. मला फार सुचतंय हो. दहा दिवस झाले, तोंडात नुसती गर्दी झालीय. त्यातलं बोलायचं काय आणि गिळायचं काय, एवढंच अवघड आहे. मध्येच एखादा शब्द तिखट जाईल. तेवढं सांभाळून घ्या.

माझ्याआधी चौघं बोलले. चौघांनीही अक्काला 'माउली' म्हटलं. पराग सरांनी तर रुमालही काढला. पण खरं सांगू का? अक्का माउली-बिउली नव्हती. खट होती. ज्वारीच्या घाट्यात मीठ कमी पडलं तर आख्ख्या गल्लीला कळायचं. मला एकदा म्हणाली, "कल्पे, तुझे हात आहेत का उलथणी?" आणि दुपारी स्वतःच्या ताटातला पहिला घास मला भरवला. अशी बाई होती. तिला फोटोतल्यासारखी गरीब करू नका.

बाहेरगावचे पाहुणे आहेत, म्हणून सांगते. आपल्याकडे उन्हाळ्यात बिबडे होतात, म्हणजे ज्वारीचे पापड. ज्वारी भिजवायची, भरडायची, तिचा घाटा शिजवायचा आणि ओल्या धोतरावर थापून गच्चीवर वाळवायचा. आज तुझ्या घरचे, उद्या माझ्या घरचे. या रिवाजातूनच अक्कानं धंदा उभा केला. आम्ही अठरा बायका. पुण्यापर्यंत पाकिटं जायची. पण ऊन सरलं की काम सरलं. पावसाळ्यात आम्ही पुन्हा दुसऱ्यांच्या घरी भांडी घासायला. अक्काला वाळवणाची बंद शेड हवी होती, बाराही महिने चालेल अशी. बँकेनं तारण मागितलं. तारण कुठलं आणणार? आमच्याकडे होत्या छत्तीस तळहातांच्या रेघा.

तेव्हा पराग सर आले. संस्थांना मार्गदर्शन करतात ते. म्हणाले, इंटरनेटवर आपलं एक पान करू. काम काय, कशासाठी, सगळं लिहू. जगभरातले लोक थोडे थोडे पैसे टाकतात. याला क्राउडफंडिंग म्हणतात.

अक्का म्हणाली, "म्हणजे वर्गणीच की. गणपतीची मागतो तशी."

सर म्हणाले, अगदी तशीच.

पण अक्कानं एक अट घातली. आपल्याकडे शेजारणीनं ताट झाकून काही पाठवलं, तर ते ताट रिकामं परत जातं का? बायांनो, सांगा. जातं का? काही नसलं तर चिमूटभर साखर ठेवतो आपण. अक्का म्हणाली, जो पैसे टाकेल त्याचा पत्ता मला पाहिजे. त्याच्या घरी बिबड्यांचं पाकीट जाईल. सर हसले. म्हणाले, अक्का, हे दान आहे, लोक देतात आणि विसरतात. अक्का म्हणाली, "इसरू देत. माले दान नको. रिकामं ताट कसं धाडू मी?"

शेवटी सरांनी पत्ते दिले. अक्कानं ते शाळेच्या वहीत स्वतःच्या हातानं उतरवून घेतले. ती वही लक्षात ठेवा.

फोटोच्या दिवशी अक्का लग्नातली साडी नेसून आली होती. नानांनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, घेतलेली. सर म्हणाले, अक्का, जुनी नेसा, लोकांना पटलं पाहिजे. गेली बिचारी आत, घाट्याचे डाग पडलेली कामाची साडी नेसून आली. सरांनी तिला कोपऱ्यात जमिनीवर बसवलं, खाली बघायला लावलं. पान तयार झालं. सगळं इंग्रजीत. आम्हाला कुठे इंग्रजी येतंय? आम्ही टाळ्या वाजवल्या, सरांना चहा दिला. आणि मी शहाणीनं काय केलं? ते पान सगळ्या ओळखीच्यांना पाठवलं. दोंडाईच्यालासुद्धा. अभिमानानं पाठवलं हो!

शेड झाली. खोटं बोलणार नाही, शेड झाली, पावसाळ्यात काम मिळालं. त्याचे आभार आम्ही दहादा मानलेत. आज मानणार नाही.

कारण त्या पानावर काय लिहिलं होतं, ते आम्हाला वर्षभरानं कळलं. आबांच्या नातीनं ते आबांना वाचून दाखवलं तेव्हा. लिहिलं होतं, नवरा दारुडा होता. मारायचा. दारूतच मेला आणि बायकोला रस्त्यावर टाकून गेला.

नाना! भुसावळला रेल्वेत जन्म गेला त्या माणसाचा. दारूचा थेंब नाही, साधी सुपारी नाही. सुट्टीच्या दिवशी गच्चीवर बसून बिबड्यांवरचे कावळे हाकलायचा. गल्लीतली पोरं त्याला 'कावळेनाना' म्हणायची आणि तो हसायचा. अक्कावर त्यानं कधी आवाज चढवला नाही. चढवायची ती अक्का.

आबांनी फोन केला. आबा, तुम्ही काय बोललात ते मी भिंतीपलीकडून ऐकलंय. "माझ्या भावाला दारुडा करून पैसे घेतले का, वहिनी?" हे सगळं खोटं आहे, एवढंच अक्का म्हणत राहिली, "हाई बठ्ठं खोटं शे, भाऊ. हाई बठ्ठं खोटं शे." तुम्ही फोन ठेवलात. नातीच्या लग्नाची पत्रिका आली नाही. लग्नाच्या दिवशी अक्का सकाळपासून शेडमध्ये थापत बसली. एक बिबडा धड गोल झाला नाही. आबा, तुमच्यावर माझा राग नाही. यातला अर्धा दोष माझाही आहे. ते पान तुम्हाला मीच पाठवलं होतं.

अक्का सरांकडे गेली. एकदा नाही, तीनदा. तिन्ही वेळा मी बरोबर होते. बाहेरच्या बाकावर आम्हाला बसवून ठेवलं. तिसऱ्यांदा सर भेटले. म्हणाले, "अक्का, आता बदललं तर लोकांचा विश्वास जाईल. आणि काम झालं ना तुमचं? एका शब्दाला काय धरून बसता?"

एक शब्द! बेचाळीस वर्षांचा संसार, सर. तो तुमच्यासाठी एक शब्द.

घराशी रिक्षातून उतरताना अक्का म्हणाली, "मी वर जाऊन त्यांना काय सांगू गं?" पुढच्या आठवड्यात गेली. शेडमध्येच, हातात पीठ. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. मी डॉक्टर नाही. मी वाद घालणार नाही.

मी आज गप्पच बसणार होते. देवाशप्पथ. पण आत येताना दारात काय दिसलं? अक्काचा हार घातलेला फोटो आणि त्याच्या शेजारी हा कागद. मी तो काढून आणलाय, बघा. वर लिहिलंय, 'अक्कांचं अपुरं स्वप्न'. खाली मोबाईलनं पैसे टाकायचा चौकोन. मी शेजारच्या पोरीला ते उघडून वाचायला लावलं. नवं पान. तोच कोपऱ्यातला फोटो. आणि तोच मजकूर. दारुडा नवरा अजून तिथेच आहे! बाई तेराव्याच्या आत विकायला काढली तुम्ही, सर.

कुजबुज नको. सर, तुम्हीही उठू नका. रुमाल राहू द्या हातात, लागेल.

ती वही आठवते ना? अक्का गेल्याच्या तिसऱ्या दिवसापासून आम्ही अठराजणी शेडमध्ये बसून पत्रं लिहितोय. नाही, सतराजणी. सवय जात नाही. वहीतल्या प्रत्येक पत्त्याला एक पाकीट बिबडे आणि एक पत्र. नाना कोण होते ते लिहिलं. अक्का तीनदा कुठे गेली आणि तिला काय ऐकवलं तेही लिहिलं. शेजारच्या पोरीनं ते इंग्रजीत करून दिलं, खाली सगळ्यांच्या सह्या. पाकिटं आज सकाळी पोस्टात पडली. चार-आठ दिवसांत घरोघर पोचायला लागतील. आता तुमच्या नव्या पानावर किती विश्वास राहतो ते बघू. लोक देतात आणि विसरतात म्हणाला होतात. आम्ही आठवण करून दिलीय.

मला कुणी म्हणेल, शोकसभेत असं बोलू नये. मग कुठे बोलू? त्या बाकावर बसून?

आता श्रद्धांजली. दरवेळी आपण दोन मिनिटं गप्प उभे राहतो आणि चपला शोधायला लागतो. आज गप्प राहायचंच आहे, पण मी सांगते तसं. ते जुनं इंग्रजी पान मी छापून आणलंय. सर, हे घ्या. तुम्हीच लिहिलंय, तुम्हालाच नीट येईल. एकेक ओळ मराठीत सांगा. आबांकडे तोंड करून सांगा. आणि प्रत्येक ओळीपुढे सांगा, खरी का खोटी.

अक्का, तुझ्या मरणाचा हिशेब नाही मागत आहे मी. नानांचं नाव मागते आहे. ते घेऊन जा वर.

उभे राहा सगळे. पंखा बंद करा रे, आबांना कमी ऐकू येतं. आता कुणी एक शब्द बोलायचा नाही.

सर, माइक चालू आहे. वाचा.