साहेबांच्या इहिरी

—सर मीटिंगलाच गेलेत म्हन्ते ना मॅडम. कुठली मीटिंग ते काय मला सांगून जात्यात व्हय — मीटिंग म्हंजी मीटिंग, चार मानसं असत्यात, च्या असतो. बसा की तुमी. त्या बाकड्यावर नगं, त्याचा एक पाय गेलाय, हितं पायरीवर बसा, पुसून देते. शटरची किल्ली सूर्यभान सरांकडंच हाय, न्हाईतर आत पंख्याखाली बसवलं असतं तुमाला. खतांचा वास येतोय का? खाली दुकानच खताचं हाय, येनारच. आमाला तर आता त्या वासाबिगर कंप्युटर चालू झाल्यासारखंच वाटत न्हाई. ए गोरक्षा, दोन च्या पाठीव वर — एक बिनसाखरेचा, पुन्याच्या मॅडम हायत. — साखरेचा चालतो? ए गोरक्षा, दोनी साखरेचेच.

मी? मी पंकजा. शिकवत न्हाई वो, मी काय शिकवनार — बारावी सायन्स, फिजिक्सला सत्तरातले अकरा. टक्क्यात काढलं की जरा वर सरकतंय, सोळाच्या जवळ, म्हनून मी कुनी इचारलं की टक्केच सांगते. सरांनी शिकवलं टक्के काढायला. तेच कालिजात फिजिक्स शिकवायचे, तासावर. तास मिळायचे बंद झाले तसं ह्ये केंद्र काढलं — तुमच्या संस्थेनं जुने कंप्युटर दिले ना, त्यावर. त्यात लिनक्स घातलं, पायथन घातलं, सगळं फुकटचं, सगळं उघडं. त्यांना त्याचं लई वेड. का म्हंजी — कालिजात हुता की एक महागडा प्रोग्राम, पोरांनी वर्षभर इहिरींची मापं त्याच्यात भरली, आन् परवाना संपला. मापं आत, पोरं बाहेर. उघडायचं तर परत परवाना घ्या. सर म्हनत्यात, माप आपलं, इहीर आपली, दोरी आपली, आन् कुलूप दुसऱ्याचं — ह्याला काय सायन्स म्हनायचं? तवापासनं मानूस बदललं. लग्नात गेले तरी पेनड्राईव्ह वाटत्यात. नवरदेवाला बी दिला एकदा.

तर मग आमी इहिरीचा प्रोग्राम केला. आमी म्हंजी सरांनी. मी बघत हुते आन् मदी मदी हसत हुते. सोपाय — आठवड्याला दोरी सोडून पानी मोजायचं, मोटर किती तास चालली ते टाकायचं, इहिरीची रुंदी-खोली टाकायची, मालकाचं नाव टाकायचं. की प्रोग्राम आलेख काढतो आन् सांगतो, ह्या चालीनं पानी कवर पुरंल. मोबाईलवर बी चालतो. आन् कसा सांगतो ते कुनीबी उघडून बघायचं, आवडलं न्हाई तर बदलायचं.

प्रचार माज्याकडं. व्हय, तुमच्या मेलमदी 'जनजागृती' लिवलंय ना, ती मी. आवाज मोटाय म्हनून. बाजाराच्या दिवशी रताळीवाल्याच्या बाजूला टेबल टाकलं, माईक हातात आला, आन् मला काय सुचलं — 'फुकट, फुकट, कितीबी न्या, शेजाऱ्याला बी द्या, संपत न्हाई'. दहा मिन्टात ही रांग. पिशव्या घेऊन. राहीबाई म्हनून एक म्हातारी हाय, ती म्हनं, रेशन कारड लागतंय का आधार चालंल? मी म्हन्लं, काय लागत न्हाई आजे, पेनड्राईव्ह लागतो. ती म्हनं, त्यो कुठल्या हापिसात मिळतो? रांग गेली तशी रताळीवाल्याकडं गेली. त्याचा माल संपला, आमचा टेबलावर तसाच. तो पुढच्या बाजाराला म्हनाला, पोरी हितंच बस गं, तुला रोज दोन रताळी.

मग सरांनी सोता माईक घेतला. शिंगनापूरची गोष्ट सांगितली. शिंगनापुरात घरांना दारं न्हाईत ना, तसा म्हनं हा प्रोग्राम, दारच न्हाई, कुनीबी आत या. एकानं मागनं इचारलं, मास्तर, चोरी झाली म्हंजी? सर म्हन्ले, चोरायचं काय, न्यायलाच तर ठिवलंय. त्या दिवशी खरोखरची पोरं आली, मोबाईलात घालून घेऊन गेली. किती? — हां, आलाच तो सवाल. त्यासाठीच आलाय तुमी, मला माहितीय. 'नेमके किती जण वापरतात', ठळक अक्षरात हुतं, सरांनी दोनदा वाचून दाखवलं. आन् आकडा न्हाई मिळाला तर ह्या महिन्यात कंप्युटर परत. आता मला सांगा, फुकटात वाटलेलं, दार नसलेल्या घरातनं नेलेलं, कुनी कुठं नेलं ते कसं मोजायचं? सर रात-दिस तेच बोलत हुते. वापरत्यात गं पोरं, पन कळवत न्हाईत.

च्या घ्या. पेला कडंनं धरा, वरनं भाजतो.

मला काय फरक पडतो? काय न्हाई. म्हंजी — आईआप्पा दसऱ्यानंतर ऊस तोडायला जात्यात, कारखान्यावर. आई म्हन्ती, नापास तर झालीयस, औंदा चल खोपीवर, सैपाक तरी करशील. मी म्हन्लं, मी सरांची असिस्टंट हाय. ती म्हन्ली, केंद्र चालू हाय तवर हाय. म्हंजी तेवढंच. बाकी मला काय, मी खोपीवर पन लोकांना हसवीन.

थांबा, फोन — हां. व्हय, आल्यात. न्हाई, पायरीवर बसल्यात. न्हाई वो, काय सांगितलं न्हाई. सरांना च्या दिला का तुमी? मग द्या की, मानूस काय पळून चाललंय का—

कुनाचा? कुनाचाच न्हाई. मैत्रिणीचा.

बरं, काकासाहेबांचा. बागायतदार हायत, खर्ड्याच्या वाटंला मळाय त्यांचा. त्यांच्याकडंच मीटिंग हाय. मीटिंग म्हंजी — सर त्यांच्या इहिरीच्या कठड्यावर बसलेत. सकाळपासनं. बसवलंय. तसं न्हाई वो, बांधून न्हाई ठिवलं, नुसतं गाडीची चावी घेतलीय, आन् म्हन्ले, मास्तर, तुझा प्रोग्राम म्हन्तो अमावस्येला इहीर आटनार, तर बस अमावस्येपतोर, बघू आटती का. आता हे तुमी लिवून घेऊ नका. पेन खाली ठिवा की जरा.

सांगते. पन सर आल्यावर तुमी 'मला काय म्हाईत न्हाई' म्हनायचं. त्यांनी बजावलंय, मॅडमनी इचारलं तर प्रोग्राममदी चूक राहिली, सूर्यभाननी केली, असंच सांगायचं. आन् मी तेच सांगनार हुते. तोंडपाठ केलं हुतं.

चूक सरांची न्हाई. काकासाहेबांच्या बांधाला आमचं दीड एकर हाय. उनाळ्यात आमची मोटर बंद पडली, आई हंडा घेऊन गेल्ती त्यांच्या इहिरीवर, तर म्हन्ले, दोरी झिजती आमची. दोरी. आन् मला बघून म्हन्ले, ही ती नापास, इहिरीला गनित शिकवनारी. ठीकाय. म्हन्लं, शिकवतेच. सरांच्या कंप्युटरवर जो मूळ प्रोग्राम असतो, ज्याच्यावरनं समदे पेनड्राईव्ह भरत्यात, तो उघडला — दारच न्हाई ना, कोन अडवनार — आन् आत एक ओळ टाकली. मी चोरी न्हाई केली हां मॅडम, मी आपली आत जाऊन भिंतीवर लिवून आले. की मालक काकासाहेब असंल, तर आलेख-बिलेख काय दाखवू नको, मोठ्या अक्षरात लिव — 'शेजाऱ्याला पानी दिलं न्हाई, इहीर रूसली हाय, येत्या अमावस्येला आटनार'.

एवढंच असतं तर भागलं असतं. पन त्यांचा पोरगा मापं टाकताना कवा 'काकासाहेब' जोडून लिवतो, कवा मदी जागा सोडून 'काका साहेब'. मी डोकं चालवलं. सोळा टक्क्यांचं डोकं. म्हन्लं, पुरं नाव कशाला, नावात नुसतं 'साहेब' दिसलं की पुरे, कसंबी लिवलं तरी सापडंल. लई हुशार वाटलं मला मीच. टाळीच द्यायची राहिली.

तुमी पुन्याच्या, तुमाला न्हाई कळायचं. आपल्या नगर जिल्ह्यात, मॅडम, दगड मारला तर साहेबालाच लागतो. काकासाहेब, आप्पासाहेब, भाऊसाहेब, दादासाहेब, बापूसाहेब, नानासाहेब, आन्नासाहेब, रावसाहेब. बारशातच साहेब करून टाकत्यात, पुढं नोकरी लागो न लागो. आन् सर बिचारे त्याच मूळ प्रोग्रामवरनं पुढच्या दोन बाजारांत पेनड्राईव्ह भरत राहिले, पोरं एकमेकाला देत राहिली — मीच वरडत हुते की माईकवर, शेजाऱ्याला बी द्या म्हनून.

पहिला फोन आष्टीकडनं आला. भाऊसाहेब. मग एक बापूसाहेब, त्यो रडकुंडीला. मग नुसतं साहेब, साहेब, साहेब. एकानं पानाडी बोलवला, नारळ हातावर धरून चालनारा, त्यानं शंभर पावलावर दुसरी जागा दाखवली, आता त्यो म्हन्तो खर्च कोन देनार. नानासाहेब म्हनून एक हायत, त्यांनी सोयरीक मोडंल म्हनून पावन्यांना इहिरीकडं फिरकूच दिलं न्हाई. आन् आप्पासाहेब, ते एक भोळं मानूस, त्यांनी खरंच बांध उघडला, शेजाऱ्याची दहा जनावरं पानी पिऊन गेली, मग परत मापं टाकली — परत तीच ओळ. सरांना फोन करून इचारत्यात, मास्तर, पानी तर दिलं, आता रुसवा जायला किती दिस लागत्यात? मी बाजूला उभी, मला हसू आवरंना. सरांनी फोन ठिवला आन् कंप्युटरवर ओळ काढली. मला इचारलंच न्हाई, कुनी टाकली. त्यांना म्हाईत हुतं, 'रूसली' मदला रू दीर्घ मीच लिवते.

न्हाई, रागवले न्हाईत. रागवले असते तर बरं झालं असतं. नुसतं म्हन्ले, पंकजा, उघडं ठिवायचं म्हंजी ह्ये बी आलंच.

दुरुस्त केला की. पन दुरुस्त केलेला कसा पोचवायचा, सांगा? गेला तो गेला. परत गावोगाव जायचं, मोबाईल मागायचा, जुना काढायचा, नवा घालायचा. चार दिस फिरतोय. एका गावात तर पोरांनी माजी ओळ बघून त्याच्याखाली आनखी सोताच्या घातल्यात — सरपंचाला म्हनं, 'तुमची टाकी पन रुसली'. शिकले की नाय पोरं? उघडून बघितलं, समजून घेतलं, बदललं. तुमच्या जनजागृतीत ह्ये बसतं का बघा. — हसताय तुमी. हसू नका, मला वाटंल माफ झालं.

आकडा? आता आकडा कसा — थांबा. सरांना पन मी म्हन्लं हुतं, ते म्हन्ले गप बस. बघा, फोन कुनाचे आले, फक्त साहेबांचे. म्हादू, रंगनाथ, सहादेव ह्यांना तर आलेख बरोबरच येतोय, ते कशाला फोन करत्यात. आता आमच्या गावच्या मतदार यादीत मी सोता मोजलंय, पाच बाप्यांत एक तरी साहेब. म्हंजी फोन आले त्याच्या पाचपट तरी लोक वापरत असनार ना? आन् फोन न करता मनातल्या मनात शिव्या घालनारे येगळे. मला फिजिक्सवाल्यांनी अकरा दिले, मॅडम, त्यांना सांगू नका, पन ह्ये गनित चुकलं न्हाई असं वाटतंय. चुकलं असंल तर सांगा. — पुरावा? आता पुरावा कुठनं आनू, फोनवर शिव्या टेप केल्या असत्या तर —

ऐका. ह्यो आवाज छोटा हत्ती टेम्पोचा. खाली वाकून बघू नका, कठडा हलतो. थांबा मी बघते.

आयला. काकासाहेबच हायत. पुढं ड्रायव्हरशेजारी आमचे सर, गाडीची चावी मिळालेली दिसत न्हाई. आन् मागं हौद्यात समदे उभे — ते पटकेवाले आप्पासाहेब असनार, ते दोन जन मी वळखत न्हाई पन मोबाईल वर धरलेत म्हंजी आमचेच. पानाडी पन आनलाय नारळासकट. अजून एक टेम्पो वळतोय मागनं, आष्टीची पाटी हाय. एकाच्या हातात काठी हाय मॅडम.

न्हाई, तुमी नगा उठू. सरांना मी वर पाठवते, त्यांनी 'चूक माजीच' म्हन्लं तर तुमी नुसतं हां म्हना आन् लिवू नका. ओळ माजी, मीच जाते त्यांच्यात. तुमी हितनं बसूनच मोजा. नीट मोजा. काठीवाला पन वापरनाऱ्यांतच धरा.