घट्ट झाकण

हॅलो?… हो, मीच. बोल गं चिमणे… नाही, झोपलो नव्हतो. दुपारी कुठे झोप येते… जेवलो. अगं, जेवलो म्हटलं ना! तुझ्या ताईसारखी उलटतपासणी नको घेऊस.

तुझा आवाज का असा?… बोटं? कधीपासून?… सकाळी मूठच वळत नाही… दोन्ही हातांची? मग डॉक्टर काय म्हणाले?… संधिवात. म्हणजे ताईचाच. अरे देवा.

थांब, थांब… कुठली बाटली? ताईच्या कपाटातली? तू कधी नेलीस?… तिचे कपडे आवरायला आलीस तेव्हा. मला विचारायचंस तरी. घेतलीस का गोळी? खरं सांग… झाकणच निघत नाही?

नाही गं, हसत नाही. बरं झालं, म्हणतोय. ती गेल्यावर मीच आवळलं ते. नळवाल्याचा हात ना माझा. ती होती तोवर झाकण नुसतं टेकवून ठेवायचो, तिच्या बोटांना जमावं म्हणून… नको! शेजारणीकडून उघडून घेऊ नकोस. ठेव ती खाली. ठेवलीस?

अगं ऐक ना… औषध वाईट नाही. दोन वर्षं तिने त्याच्यावरच काज-बटणं केली. पण ते डॉक्टरांनी सांगितल्यावर, आठवड्यातून एकदाच, आणि रक्त तपासत राहायचं. दुखणं सांध्यांचं असलं तरी लिव्हरवर लक्ष ठेवावं लागतं. तुलाही तपासणी लिहून दिली असेल… दिलीय ना? मग?… सुईची भीती. बहिणी शोभता.

नाही… डॉक्टरांची चूक नव्हती. तू सगळ्यांना तसं सांगतेस आणि मी गप्प बसतो. कारण… ऐक. रागव, पण फोन ठेवू नकोस.

तिची शीर सापडायची नाही. चार-चार वेळा टोचायचे. सुजलेला हात ताणून धरायचे, ती कळवळायची. एकदा म्हणाली, अहो, या महिन्यात राहू द्या ना, बोटं बरी आहेत. म्हटलं, राहू दे. औषध आणायला मी एकटाच गेलो. डॉक्टरांनी रिपोर्ट मागितला. मी मागचाच पुढे धरला. तारखेवर अंगठा ठेवून… हो. मी… एकदा नाही. तीनदा. तोच कागद. डोळे पिवळे दिसले तेव्हा फार उशीर झाला होता.

हॅलो?… आहेस का?…

रड. रडून घे… हो. हो, मीच… म्हण, काय म्हणायचं ते म्हण.

पण तपासणी आजच करायची. लॅब संध्याकाळपर्यंत उघडी असते. मी येतो न्यायला… माझं तोंड बघायचं नाही? नको बघूस. सुई टोचताना तसंही तोंड फिरवायचंच असतं. हात तेवढा माझ्याकडे दे. कोपराखालून धरला की बोटांना धक्का लागत नाही… शिकलो गं. शेवटच्या आठवड्यात, तिच्या खाटेपाशी.

बरं… बाटली घेऊन दारात थांब. निघालोच.